मोटरहोमची गार फरशी: ईव्हीए, एक्सएलपीई की हीटिंग मॅट?

मोटरहोममध्ये, म्हणजे घरासारख्या सजवलेल्या गाडीत, व्हिट्रिफाइड टाइल झकास दिसते, एका फडक्यात पुसून होते, चिखलाच्या बुटांनाही दाद देत नाही. पण डिसेंबरात पानशेतला मुक्काम पडला की पहाटे पाय खाली टेकवत नाही. ९ मिमीची टाइल उष्णता जवळजवळ अडवतच नाही. तिच्याखाली प्लाय, मग पत्रा आणि त्याखाली मोकळा वारा. टाइल उखडायची नसेल तर पुण्यात सहज मिळणाऱ्या वस्तूंपैकी कशावर पैसे घालावेत, ते पाहू.

सगळ्यात वसूल सौदा म्हणजे एक्सएलपीई, म्हणजे क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीनचा फोम. बोहरी आळीत तो रोलमधून कापून मिळतो. १० मिमी फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला टाइल पाऊण ते एक फूट जाड लागेल. याच्या पेशी बंद असतात, त्यामुळे स्पंजसारखं पाणी पीत नाही. पण नुसता फोम अंथरलात तर आठवडाभरात खुर्चीच्या पायांचे खड्डे पडतात. म्हणून खाली ५ मिमी एक्सएलपीई आणि वर १२ मिमी ईव्हीए मॅट, म्हणजे जिममध्ये दिसणाऱ्या, रबरासारख्या मऊ, एकमेकांत अडकणाऱ्या दोन बाय दोन फुटांच्या लाद्या. घेताना अंगठ्याचं नख रुतवून बघा. खूण लगेच भरून आली तर घ्या, राहिली तर पुढच्या दुकानात चला. पिशवी उघडताच वास डोक्यात गेला तर दोन दिवस गच्चीवर सावलीत पसरून ठेवा.

दोन्ही मिळून १७ मिमी उंची वाढते. संडासाचं दार आणि खालचे ड्रॉवर तेवढ्यात उघडतात का, हे कापायच्या आधी मोजा. नंतर दार तासायला सुतार शोधावा लागतो. कापायला नवं ब्लेड आणि लोखंडी पट्टी घ्या, आणि भिंतीपाशी ५ मिमी फट सोडा. काहीही चिकटवायचं नाही. ड्रायव्हरच्या पेडलखाली मॅट अजिबात नको. फरशीत एलपीजीसाठी जाळी असेल तर तीही उघडीच ठेवायची, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झालीच तर तिथूनच बाहेर पडतो.

चिकटवायचं नाही ते ओलीमुळे. रात्री बंद गाडीतला श्वास आणि चहाची वाफ सांध्यांतून खाली उतरते आणि गार टाइलवर पाणी होऊन बसते. आधी ओट्याजवळच्या ग्राउटच्या, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरलेल्या मसाल्याच्या, रेघा काळ्या पडतात, मग कुबट वास सुरू होतो. दर दोन-तीन दिवसांनी मॅट उचलून कोरडं फडकं फिरवा आणि छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. वरून सुती सतरंजी घालणार असाल तर तीही ओल धरते, घोंगडी बरी.

चंदेरी बबल शीट मात्र या कामाला घेऊ नका. शेडच्या पत्र्याखाली ती चांगलं काम करते, कारण तिथे चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असते. मॅट आणि टाइलच्या मध्ये दाबली की तो फायदा संपतो आणि पायाखाली बुडबुडे फुटतात ते वेगळंच.

हीटिंग मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, ही चैन आहे. वीज कुठून येणार, यावर ती परवडते की नाही ते ठरतं. ६ बाय २ फुटांची, चौरस मीटरला १५० वॅटची मॅट धरा: साधारण १६५ वॅट. इन्व्हर्टरचा तोटा धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून १४-१५ अँपिअर जातात. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सात तासांच्या आत रिकामी, आणि तेही फ्रिज, पंप, दिवे बाजूला ठेवून. कॅम्पसाइटवर २३० व्होल्ट मिळत असेल तरच घ्या. मग मॅटच्या खाली ५ मिमी एक्सएलपीई हवाच, नाहीतर बरीच ऊब टाइलमधून खाली निघून जाते. थर्मोस्टॅट २७-२८ अंशांवर पुरतो. मॅटवर गादी, बॅगा ठेवू नका. उष्णता कोंडते आणि वायर तिथेच जळते. बिघाड बहुतेक कोपऱ्यात, वायर मॅटला जोडते त्या जोडावर होतो, म्हणून तो कोपरा पायवाटेत येऊ देऊ नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, तपकीर गल्लीत मिळतो, त्यात कंजुषी नको.

टाइलच्या पोटात बसवायची हीटिंग केबल सुंदर चालते, पण ती गाडी बांधतानाच टाकायची असते. चौरस मीटरला वीसेक किलो टाइल आधी तापवावी लागते. १५० वॅटवर ती १५ अंश चढवायलाच अर्धा तास जातो, खाली निघून जाणारी ऊब वेगळी. दहा मिनिटं पाय शेकायला तिचा उपयोग नाही.

हिमाचलातल्या स्पितीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात जाणार असाल तर यातलं काहीच एकटं पुरत नाही. तिथे डिझेल हीटर लागतो. त्याचा झोत फरशीलगत सोडा, धूर गाडीबाहेर जाईल असं बघा आणि आत कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवा.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की ईव्हीए काढून ठेवा. एप्रिलात उन्हात उभ्या गाडीत ती आकसते, सांधे उघडे पडतात आणि ते पुन्हा जुळत नाहीत. त्याच रंगाच्या दोन लाद्या आधीच जास्त घ्या; पुढच्या वर्षी दुकानात तोच रंग, तीच जाडी मिळेल याची खात्री नसते.