हॅमंड, मेलोट्रॉन, मिनीमूग की वुर्लिट्झर? जुन्या रॉकसाठी एकच वाद्य घ्यायचं असेल तर

बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्याला डीप पर्पल वाजवायचं असतं, पिंक फ्लॉइड वाजवायचं असतं आणि बीटल्सही सोडवत नाहीत. त्या रेकॉर्डवरचे आवाज मात्र एका वाद्यातून आलेले नाहीत. म्हणूनच जुनं, अस्सल वाद्य घ्यायचं मनात आलं की 'यातलं चांगलं कोणतं' या प्रश्नाशी गाडी अडून बसते. मी आधी एवढंच विचारतो: पट्टी दाबून धरली की सुराचं पुढे काय होतं?

हॅमंड ऑर्गनवर बोट उचलेपर्यंत सूर तसाच उभा राहतो. टेपवर चालणाऱ्या मेलोट्रॉनवर साधारण आठ सेकंदांत संपतो. वुर्लिट्झर या इलेक्ट्रिक पियानोवर ठोका बसतो आणि सूर हळूहळू विरत जातो. मिनीमूग या सिंथेसायझरवर एका वेळी एकच सूर लागतो, पण तो वळवता येतो. या चौघांपैकी तुमच्या हातांना काय मानवतं, त्यावर निवड ठरवावी. ब्रँडचं नाव आणि यूट्यूबवरचे डेमो नंतर.

पेटीवर हात बसलेला असेल, तर हॅमंड सगळ्यात लवकर आपलासा वाटतो. पेटीसारखंच इथेही पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. पेटीत लहानमोठा आवाज भात्याच्या हातात असतो, इथे तो उजव्या पायाखालच्या पेडलमध्ये. बी-३ आणि सी-३ ही दोन मॉडेलं १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत होती. दोघांचं पोट एकच, फरक लाकडी पेटाऱ्याचा. आत ९१ दातेरी चाकं एका मोटरवर सतत फिरत असतात आणि प्रत्येक चाकासमोरच्या चुंबक-कॉइलमध्ये एकेक सूर तयार होतो. नऊ ड्रॉबार, म्हणजे सरकत्या दांड्या, ओढून ते सूर हवे तसे मिसळायचे. पट्टी दाबताना येणारी 'टिक' हा मुळात दोष होता. रॉकवाल्यांनी त्यालाच गुण मानलं, कारण जलद हरकतीत प्रत्येक सूर त्या टिकमुळे सुटा ऐकू येतो.

डीप पर्पलचे जॉन लॉर्ड सी-३ चा आवाज मार्शल अँपमधून काढायचे. गिटारसाठीचा अँप ऑर्गनला जोडल्यावर जी गुरगुर येते, तिच्यावर डीप पर्पलची निम्मी ओळख उभी आहे. बाकी बहुतेकांनी लेस्ली स्पीकर वापरला. त्यात वर फिरणारा भोंगा आणि खाली फिरणारं पिंप असतं. संथावरून जलद वेग घेताना आवाज जो उसळतो, तो रेकॉर्डिंगमध्ये अर्धाच पोचतो. खोलीत बसून ऐकलात की अंगावर येतो.

आता अडचणी. बाकड्या-पेडलांसकट बी-३ चं वजन १९० किलोच्या आसपास जातं, लेस्लीचं कपाट वेगळं. जिना असलेल्या इमारतीत हे वाद्य एकदा चढवलं की उतरवायचं नाव कोणी काढत नाही. त्याहून मोठी गोष्ट विजेची. हॅमंडची मोटर विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. अमेरिकन हॅमंड इथे नुसता ट्रान्सफॉर्मर लावून चालू केलात, तर पांढरी एक दाबल्यावर खालच्या सप्तकातली पांढरी सहा, तीही किंचित उतरलेली, ऐकू येईल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. म्हणजे एकतर ५० हर्ट्झसाठी बनलेला ऑर्गन शोधायचा, नाहीतर फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर बसवायचा. विकणाऱ्याला हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, किमतीच्याही आधी.

मेलोट्रॉनच्या मी प्रेमात आहे, तरीही एकुलतं एक वाद्य म्हणून तो घ्यायचा सल्ला देणार नाही. बीटल्सच्या १९६७ च्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'च्या सुरुवातीच्या बासऱ्या मेलोट्रॉनच्या. १९६९ मध्ये किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बमवर व्हायोलिनांचा जो ढग येतो, तोही त्याचाच. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बनलेल्या या यंत्रात प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक पट्टी असते आणि तिच्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला एकेक सूर. एम४०० मॉडेलमध्ये अशा ३५ टेपा. पट्टी दाबली की टेप हेडवरून ओढली जाते, सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते. लांब कॉर्ड धरायचा असेल तर आठ सेकंद पुरे व्हायच्या आत एकेक बोट उचलून पुन्हा टेकवत राहावं लागतं. बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या की मोटरवर भार येतो आणि सूर उतरू शकतो. त्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत जुनी टेप, फेल्ट आणि लाकूड सांभाळायचं म्हणजे वर्षभराचं काम. हाच आवाज आज डिजिटल मेलोट्रॉनमध्ये किंवा नॉर्ड कंपनीच्या कीबोर्डच्या अधिकृत साउंड लायब्ररीत मिळतो. मूळ आवाजही रेकॉर्डिंगच होता, त्यामुळे इथे डिजिटलमध्ये सगळ्यात कमी हरवतं. त्याचे पैसे वाचवा.

मिनीमूगचं नेमकं उलट आहे. १९७० मध्ये आलेलं हे ४४ पट्ट्यांचं वाद्य उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवता येतं. सूर तयार करणारे तीन ऑसिलेटर, त्यांचा पोत बदलणारा एक फिल्टर, आणि डावीकडे दोन चाकं. मूळ मॉडेलात सूर वरखाली करणाऱ्या चाकाला परत मध्यावर खेचणारी स्प्रिंग नाही, तुम्ही जिथे न्याल तिथे ते थांबतं. पेटीवाल्याला आयुष्यभर न मिळालेली मींड इथे अंगठ्याखाली येते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायला ग्लाइड वेगळा. पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइट यांनी 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये याच वाद्यावर गायकासारखे श्वास घेत सूर लावले आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग वाजवला, तेव्हा आपल्या कानांनाही हा आवाज परका नाही.

यात कॉर्ड वाजत नाही आणि केलेली सेटिंग साठवली जात नाही. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात नॉब हाताने फिरवायचे, त्यांच्या जागा कागदावर काढून ठेवायच्या. सुरुवातीच्या मॉडेलांचे ऑसिलेटर तापमान बदललं की सरकतात. एसी हॉलमधून उघड्या स्टेजवर आणलंत तर वाद्य अर्धा तास आधी चालू करून ठेवा. पॅनेलवर ए-४४० चा (४४० हर्ट्झच्या 'ए' सुराचा) एक स्विच आहे, त्याने शुद्ध संदर्भसूर लागतो आणि तिन्ही ऑसिलेटर त्याच्याशी मिळवता येतात. मूग कंपनीने २०१६ आणि २०२२ मध्ये हेच मॉडेल पुन्हा बनवलं. माझ्या मते जुन्यापेक्षा हे घ्यावं, कारण सर्किट तेच आणि पन्नास वर्षांचे थकलेले सुटे भाग नाहीत.

ऱ्होड्स या दुसऱ्या इलेक्ट्रिक पियानोबद्दल थोडक्यात. आवाज गोल, घंटेसारखा, सुंदर. पण ७३ पट्ट्यांचा स्टेज ऱ्होड्स साठ किलोच्या घरात जातो आणि गिटारांच्या गर्दीत मागे पडतो. वुर्लिट्झर २००ए त्याच्या निम्म्याहून हलका आहे, आणि जोरात वाजवला की भुंकतो. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'मध्ये वाह पेडलमधून येणारा तो चिडका पियानो वुर्लिट्झरच आहे.

माझ्याकडे २००ए आहे आणि माझा कौल त्याच्याकडे का जातो हे सांगायला त्याचं झाकण उघडावं लागेल. आत ६४ पोलादी रीड एका ओळीत बसलेल्या असतात. पेटीची रीड हवेने बोलते, ही हातोडीच्या ठोक्याने. प्रत्येक रीडच्या टोकावर कथलाचा एक छोटा डोंगर असतो. तो कानशीने जरा घासला की सूर चढतो, कथील वाढवलं की उतरतो. पेटी लावणाऱ्याला रीड लावताना पाहिलं असेल, तर हे काम पहिल्या दिवशी कळतं: घासायचं, वाजवायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. घाई केली की कथील जास्त निघतं आणि सगळं पहिल्यापासून. मात्र प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका, रीडजवळच्या धातूच्या पट्टीवर सुमारे १५० व्होल्ट असतात. अमेरिकन वुर्लिट्झरला इथे साधा ट्रान्सफॉर्मर पुरतो, कारण त्याचा सूर हर्ट्झवर अवलंबून नाही.

म्हणून बँडमध्ये एकटेच कीबोर्डवर असाल आणि कॉर्ड तुम्हालाच भरायचे असतील, तर अस्सल वाद्य म्हणून वुर्लिट्झर घ्या, आणि वर खऱ्या नऊ ड्रॉबारचं आजचं हॅमंड क्लोन, म्हणजे हॅमंडची नक्कल करणारं वाद्य, ठेवा. गिटारवादक कॉर्ड सांभाळत असेल आणि तुम्हाला गाणाऱ्या ओळी हव्या असतील, तर मिनीमूग. बी-३ फक्त त्याने घ्यावा ज्याची तळमजल्यावर स्वतःची खोली आहे.

वुर्लिट्झर बघायला जाल तेव्हा प्रत्येक पट्टी आधी अगदी हळू, मग पूर्ण जोरात वाजवा. एखादा सूर खरखरला तर बहुधा रीड आणि तिच्याजवळच्या धातूच्या पट्टीच्या मध्ये धूळ आहे, ते निघतं. एखादा सूर शेजाऱ्यांपेक्षा एकदम बोथट आणि बेसूर वाटला तर रीडला चीर गेली असेल, ती बदलावी लागेल. चारही पाय आणि सस्टेन पेडल सोबत आहे ना, तेही बघा, कारण हे भाग वाद्यापासून सुटे होतात आणि सगळ्यात आधी तेच हरवलेले असतात.