कागद की खआघध? रिमोट डेस्कटॉपवर मराठी टायपिंग, काही महिन्यांनंतर

नव्या कीबोर्डचे १,८०० रुपये सांगितले दुकानदाराने. लॅपटॉप रिफर्बिश्ड, तपकीर गल्लीतून घेतलेला, ब्रिटिश छपाईचा. म्हणजे ३ वर पाउंड आणि @ एंटरच्या शेजारी. "मॅडम, कीबोर्ड गेलाय." अहो, गेला असता तर घरच्या नोटपॅडमध्येही गेला असता ना! तिथे सगळं चोख. ऑफिसचं मशीन उघडलं की मात्र तमाशा. पैसे खिशातच ठेवले.

ऑफिस अप्पा बळवंत चौकाजवळ, काम पुस्तकांच्या मांडणीचं. फॉन्ट, लायसन्स सगळं तिथल्या मशीनवर, त्यामुळे पावसाळ्यापासून मी सिंहगड रोडवरच्या घरातून विंडोजचाच रिमोट डेस्कटॉप वापरतेय, म्हणजे ऑफिसचं मशीन घरच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवरून चालवतेय. वेगळे पैसे नाहीत, फक्त तिकडच्या मशीनवर प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही. चित्र स्वच्छ, वेग पुरेसा. त्याबद्दल तक्रार नाही, म्हणून लिहितही नाही. लिहायचंय ते कीबोर्डबद्दल.

आपण बटण दाबतो तेव्हा अक्षर जात नाही, बटणाचा क्रमांक जातो, त्याला स्कॅनकोड म्हणतात. त्याचं अक्षर कुठलं करायचं हे तिकडचं विंडोज ठरवतं. त्यात जोडणी होताना आपला इकडचा लेआउटही, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर ही मांडणी, तिकडे कळवला जातो. दुकानदाराने इकडे यूके इंग्लिश टाकून दिलं होतं, तर ऑफिसच्या मशीनच्या भाषांच्या यादीतही 'इंग्लिश यूके' आपोआप उगवलं. सेटिंगमध्ये काढायला जावं तर तिथे ते दिसतच नाही! सगळ्यात संतापजनक प्रकार छपाईच्या कोटेशनमध्ये झाला. इंग्लिश इंडिया लेआउटवर उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतो. यूके लेआउटवर त्याच बटणांना € येतो. प्रकाशकांचा फोन आला, "युरोपातून छापून आणणार का?"

पासवर्डचंही तेच. जोडणीच्या आधी जी खिडकी पासवर्ड मागते ती आपल्या लॅपटॉपची, तिथे इकडचा लेआउट. आत गेल्यावर स्क्रीन लॉक झाली की तिकडचा. त्यामुळे @ असलेला एकच पासवर्ड बाहेर चालायचा आणि आत नाकारला जायचा. मी आधी याचं खापर ऑफिसच्या नेटवर फोडलं होतं, ते मागे घेते.

उपाय ऑफिसचं आयटी बघणाऱ्या मुलाने केला. तिकडच्या मशीनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, करंट कंट्रोल सेटच्या 'कंट्रोल'खाली 'कीबोर्ड लेआउट' आहे (शेवटी एस असलेलं शेजारचं नव्हे). तिथे 'इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट' ही सलग (मधे जागा न सोडता) नावाची डीवर्ड, म्हणजे आकड्याची, नोंद करायची, किंमत १. मशीन रीस्टार्ट केल्यावर यूकेचं भूत उतरलं. ॲडमिन हक्क लागतात, स्वतः हात घालू नका.

मग मराठी. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस दाबावं तर भाषा बदलायची लॅपटॉपची. जोडणीच्या खिडकीत शो ऑप्शन्स, लोकल रिसोर्सेस, कीबोर्ड असं गेलं की तीन पर्याय दिसतात. मूळचा पर्याय असा की फुल स्क्रीन असेल तरच ही जोडबटणं तिकडे जातील. मी 'रिमोट कॉम्प्युटरवर' केलं आणि आठवडाभर सगळ्यांना तेच सांगत सुटले. आता मत बदललंय. कारण मग खिडक्या बदलायचं ऑल्ट-टॅबही तिकडेच जातं आणि घरच्या ब्राउझरवर यायला दर वेळी माउस धरावा लागतो. पुन्हा मूळच्या पर्यायावर आलेय, टायपिंग फुल स्क्रीनमध्येच.

खिडकी छोटी ठेवून काम केलं की आणखी एक गंमत. पानाचा स्क्रीनशॉट काढायला विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं. शिफ्ट दाबल्याचं तिकडे कळलं, पण तेवढ्यात फोकस इकडे आला आणि सोडल्याचं कळलंच नाही. तिकडच्या मशीनच्या मते माझं बोट अजून शिफ्टवर. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मी वापरते त्या मराठी लेआउटमध्ये, शिफ्टसह क चा ख, ग चा घ, द चा ध होतो आणि काना दाबला की आ उमटतो. 'कागद' लिहायला गेले, 'खआघध' आलं. आख्खा परिच्छेद असा, कारण मी बघत होते हस्तलिखिताकडे. यावर औषध साधं आहे: सेशनच्या आत क्लिक करून दोन्ही शिफ्ट, मग कंट्रोल, मग ऑल्ट एकेकदा दाबून सोडायचं. चिडून शिफ्ट सलग पाच वेळा बडवू नका, स्टिकी कीजची खिडकी उघडते. तरी शंका राहिली तर तिकडचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, अडकलेलं बटण उजळलेलं दिसतं.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट इकडेच अडतं, तिकडे पोचवायला डिलीटऐवजी एंड. फुल स्क्रीनमधून बाहेर यायला कंट्रोल-ऑल्ट-ब्रेक, पण या लॅपटॉपला ब्रेकचं बटणच नाही. वरची निळी पट्टी खाली ओढून बाहेर येते, आणि ती पट्टी पिन केली की मांडणीच्या सॉफ्टवेअरचा मेनू झाकते. त्यावर अजून काही उपाय सापडलेला नाही. रिमोट डेस्कटॉपला पाचपैकी चार.