जुन्या कपाटाच्या मुठी आणि बिजागऱ्या: घासाव्यात, रंगवाव्यात की बदलाव्यात?

आधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर वरचा पिवळेपणा हा नुसता मुलामा, आत लोखंड. नाही चिकटला तरी लगेच पितळ समजू नका, जस्ताच्या ओतीव मुठींनाही तो चिकटत नाही. मुठीच्या मागच्या बाजूला कानशीने जरासं खरवडा. आतूनही पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर नाही. पुढचं सगळं यावरच ठरतं.

अस्सल पितळ असेल तर घासणं सर्वात स्वस्त आणि दिसायलाही सर्वात चांगलं. जुन्या मुठीवर बहुधा लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, असतं, ते आधी थिनरने काढा. नाहीतर जिथे ते उडालंय तिथेच चमक येते आणि मूठ कबरी दिसते. मग लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, चमचाभर मीठ, दहा मिनिटं. रात्रभर भिजत ठेवायचा मोह आवरा: आंबटामुळे पितळेतलं जस्त सुटतं, वर तांबं उरतं आणि मूठ गुलाबी होते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा आणि लगेच कोरडी करा. पितांबरीनेही काम होतं, पण नक्षीच्या खाचांत पावडर अडकून पांढरी दिसते, तिथे जुना टूथब्रश फिरवा. रोज हात लागणाऱ्या मुठींवर परत लॅकर नकोच, ते ठिपक्याठिपक्यांनी झिजतं. मेणाचा पातळ हात पुरतो.

मुलामा असलेल्या मुठी घासल्या तर मुलामा जातो आणि पावसाळ्यात आतलं लोखंड गंजतं. तिथे रंगच बरा. साधारण तीनेकशे रुपयांच्या स्प्रेच्या एका डब्यात कपाटभर मुठी होतात. आधी साबणाने तेलकटपणा काढा, ३२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, धातूचा प्रायमर मारा, मग २०-२५ सेंटीमीटरवरून रंगाचे तीन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतात. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून जुलै-ऑगस्टात हे काम काढूच नका. हाताला कोरडा लागला तरी रंग कच्चाच असतो, मूठ आठवडाभर वापरू नका. एवढं करूनही अंगठ्या आणि नखं लागतात त्या कडांवर टवके उडणारच. काळ्या रंगात ते सोनेरीपेक्षा कमी दिसतात.

बिजागऱ्या मात्र रंगवू नयेत. रंग सांध्यात शिरला की दार करकरतं किंवा अडकतं. गंज काढून शिलाई मशीनचं तेल सोडा, बस्स. जुना स्क्रू हलत नसेल तर खाचेतलं पॉलिश टोकाने खरवडून काढा, आधी किंचित आवळा, मग उलटा फिरवा. भोक मोठं झालं असेल तर गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोका आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू बसवा. पितळी स्क्रू नव्याने बसवताना आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या. पितळेचा थेट पिळला तर डोकं तुटून आत राहतं.

बदलणं सोपं वाटतं, पण खर्च भोकांत लपलेला असतो. जुन्या मुठींच्या दोन भोकांमधलं अंतर बहुधा इंचांत, ३ किंवा ४ इंच. नव्या मिळतात ९६ किंवा १२८ मिलिमीटरच्या. ४ इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, त्यामुळे ९६ची मूठ बसत नाही, जुनी भोकं बुजवून पॉलिश जुळवावं लागतं आणि सुताराची मजुरी मुठीपेक्षा जास्त होते. मूठ तुटलीच असेल तर ते करावं लागेल. चारपैकी एकच गेली असेल तर मुंबईचा चोर बाजार किंवा बुधवारी-रविवारी पुण्याचा जुना बाजार पाहा. जाताना भोकांचा ठसा कागदावर घेऊन जा, टेपने घेतलेलं माप दोन-तीन मिलिमीटर चुकतं आणि तेवढ्यानेही मूठ बसत नाही.