संकासूर आणि 23 जीबी: आठ महिने विझट्री वापरल्यावर

दशावताराचं नाटक मोबाईलवर फुल एचडीत उतरवलं की मिनिटाला साधारण 130 एमबी जातात. तीन तासांचे झाले 23 जीबी. जत्रांच्या दिवसांत कुडाळ-सावंतवाडीकडची पाच-सहा नाटकं उतरवली आणि लॅपटॉपचा सी ड्राइव्ह लाल झाला. एसएसडी 256 जीबीची, विंडोज दाखवतं 238. (बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज 1024 ने. चोरी झालेली नाही.)

जानेवारीत विझट्री टाकलं, डिस्कवर कशाने किती जागा खाल्ली ते दाखवणारं सॉफ्टवेअर. घरगुती वापराला फुकट. ते फोल्डर उघडत बसत नाही, ड्राइव्हची मास्टर फाइल टेबल, म्हणजे सगळ्या फाइलींची यादीच वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत सगळ्या फाइली आकाराच्या क्रमाने समोर येतात, शिवाय जेवढी फाइल मोठी तेवढा मोठा चौकोन दिसतो. मी नाटकांना बोल लावत होतो आणि सगळ्यात मोठा चौकोन निघाला एडिटिंगच्या कॅशचा, म्हणजे सॉफ्टवेअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइलींचा! 61 जीबी! ती त्या सॉफ्टवेअरच्या मेनूतूनच पुसली. काय पुसायचं हे विझट्री सांगत नाही, ते डोकं आपलंच लावायचं.

मी लावलं नाही. हायबरफिल नावाची 3 जीबीची फाइल दिसली. ती हायबरनेशनची, म्हणजे चालू काम डिस्कवर उतरवून लॅपटॉप बंद करायच्या सोयीची, म्हणून हायबरनेशन बंद केलं. जूनमध्ये रात्री लाइट गेली. लॅपटॉप स्लीपवर ठेवून झोपलो, सकाळी बॅटरी ठार आणि सेव्ह न केलेलं दोन तासांचं एडिटिंग गेलं. हायबरनेशन असतं तर बॅटरी संपता संपता सगळं डिस्कवर उतरलं असतं. पावसाळ्यात आमच्याकडे ते 3 जीबी वाचवू नयेत. दुसऱ्याच दिवशी पुन्हा चालू केलं.

दुसरी हुशारी क्लाउडची. नाटकं वर चढवून 'जागा मोकळी करा' दाबलं. नाव लॅपटॉपवर, फाइल वर. जुलैत झाड पडून तीन दिवस नेट नव्हतं, आणि नेमके तेव्हाच काका आले. ते दशावतारात संकासूर राक्षसाचं काम करतात. फाइलवर क्लिक केलं, ढगाचं चिन्ह तसंच.

"खंय गेलो रे माझो संकासूर?"

काय सांगणार! वर ढगात आहे म्हटलं. त्यावर ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता नाटकं बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दमट हवेमुळे सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात. दुसरी प्रत ताईकडे. सी ड्राइव्हवर 74 जीबी मोकळे आहेत. काकांचा प्रयोग तेवढा तिथेच ठेवलाय.