औषधांच्या अ‍ॅपमधला विभागांचा मेनू: वटपौर्णिमा ते शिमगा, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वटपौर्णिमेच्या सुमाराला घेतलेलं औषधांचं अ‍ॅप शिमग्यापर्यंत, म्हणजे नऊ महिने, मालवण ते गुहागर पट्ट्यातल्या घरांसाठी नियमित वापरून झालं. किंमत, सवलत, पार्सल कधी आलं यावर पुष्कळ लिहिलं जातं, ते इथे नाही. हा अनुभव फक्त विभागांच्या मेनूचा. पाचपैकी साडेतीन तारे. दिवाळीच्या आधी दोनच दिले असते. दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये मेनू नव्याने मांडला आणि तो बराच सुधारला. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण खालच्या चुका आणि दुरुस्त्या कुठल्याही औषधांच्या अ‍ॅपमध्ये तपासून बघण्यासारख्या आहेत.

किराण्याच्या अ‍ॅपमध्ये विभाग चुकला तर तूरडाळीच्या जागी चणाडाळ येते. औषधांच्या अ‍ॅपमध्ये चुकीची सुई येते. म्हणून सुरुवात इन्सुलिनपासून.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक करून एका मिलीत ४० युनिट ताकदीचं असतं आणि इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये घालायचं कार्ट्रिज १०० युनिटचं. १०० ची बाटलीही मिळते. त्यामुळे सिरिंजही दोन तऱ्हेच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. जुन्या मेनूत ‘मधुमेह निगा’ या विभागात ‘सिरिंज व सुया’ नावाची एकच यादी होती. दोन्ही सिरिंज, पेनच्या सुया आणि साध्या २ मिलीच्या सिरिंजसुद्धा त्यात एकाखाली एक. फोटो खोक्याचा, त्यामुळे टोपणाचा रंग दिसत नाही. नाव लांब असल्याने मध्येच तुटायचं आणि तुटलेल्या भागातच ४० की १०० ते लिहिलेलं असायचं.

यात काय बिघडतं ते आकड्यांत बघा. इन्सुलिन ४० चं आणि सिरिंज १०० ची आली, आणि नेहमीसारखं २० युनिटसाठी २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर आत जातं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. उलट झालं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर जातं ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. पहिल्या चुकीत शुगर चढत राहते आणि ‘औषध लागू पडत नाही’ असं वाटतं. दुसरीत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

नव्या मेनूत ‘इन्सुलिनचं सामान’ उघडलं की आधी प्रश्न येतो: बाटली की पेन? बाटली म्हटलं की दुसरा: बाटलीवर ४० लिहिलंय की १००? शेजारी लेबलचं चित्र आणि आकड्याभोवती गोल. मग जुळणाऱ्याच सिरिंज दिसतात, टोपणाच्या रंगासकट. टॅप दोनाने वाढले, आणि ते वाढले हेच बरं झालं. टॅप कमी म्हणजे मेनू चांगला, हा हिशेब इथे चालत नाही. उत्तर हातातल्या बाटलीवर वाचता येत असेल तर तीन टॅपही जड जात नाहीत. ही वस्तू ‘मधुमेह निगा’त असेल की ‘आरोग्य उपकरणां’त, असा अंदाज बांधायला लावणारा एकच टॅप मात्र जड जातो.

कोकणात हे जास्त जाणवतं, कारण मागवणारा आणि वापरणारा बऱ्याच घरांत वेगळा असतो. चाकरमानी मुलगा परळहून किंवा विरारहून ऑर्डर टाकतो आणि गावाकडून आई फोनवर ‘ती लाल टोपणाची’ एवढंच सांगते. नाहीतर आजोबा स्वतः चष्मा लावून, हातात रिकामी स्ट्रिप धरून शोधतात. दोघांच्याही डोक्यात गोदामातले विभाग नसतात. एकाकडे वर्णन असतं, दुसऱ्याकडे वस्तू. मेनूने तिथून सुरुवात करावी.

पेनच्या सुयांचं काम अर्धवट आहे. ४, ६, ८ मिमी अशी लांबी निवडायची सोय ‘फिल्टर’च्या चिन्हाआड ठेवली आहे आणि ते चिन्ह बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. लांबी यादीच्या डोक्यावर सरळ बटणांत हवी.

शुगर तपासायच्या पट्ट्यांचं तर अजून जुनंच चाललंय. विभाग कंपनीवार आहेत. पण एकाच कंपनीची तीन-चार मशीन असतात आणि एकाची पट्टी दुसऱ्यात चालेलच असं नाही. इथे ‘तुमचं मशीन कोणतं?’ असं विचारून मशीनचे फोटो दाखवायला हवेत. मॉडेलचं नाव मशीनच्या पाठीमागे छापलेलं असतं. दुसरी गोष्ट पट्ट्यांच्या संख्येची. पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा इतकी दमट की डबीचं झाकण नीट लागलं नाही तर पट्ट्या खराब होतात आणि आकडा भलता येतो. आठवड्यातून एकदा तपासणाऱ्याला ५० ची डबी परवडत नाही, कारण उघडल्यावर ती किती दिवसांत संपवायची तेही डबीवर ठरवून दिलेलं असतं. २५ ची डबी अ‍ॅपवर आहे, पण ती शोधायला आख्खी यादी खाली सरकवावी लागते.

आता भाषा. जुन्या मेनूत मराठी निवडली की ‘कोल्ड’चं ‘थंड’ व्हायचं, गुडघ्याच्या पट्ट्याचं ‘गुडघा समर्थन’ आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांचं ‘डोळा थेंब’. हे आता बदललं. ‘सर्दी-खोकला’, ‘गुडघ्याचा पट्टा’, ‘डोळ्यांचे थेंब’ अशी नावं आली. अडतं ते दुखण्यांच्या नावांशी, कारण आपली नावं शब्दकोशातून भाषांतर करून मिळत नाहीत.

लावणीच्या दिवसांत पाय तासन् तास चिखलात असतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. शोधाच्या चौकटीत ‘चिखल्या’ टाकलं तर अजूनही काही सापडत नाही. मलम आहे ‘त्वचा’ मग ‘बुरशी संसर्ग’ मग ‘पाय’ या वाटेवर. ‘उन्हाळी’ टाकलं, म्हणजे लघवीची जळजळ, तर उन्हापासून बचावाची क्रीम आणि घामोळ्यांची पावडर येते. ‘कुरूप’ टाकलं तर तळपायाच्या कुरपावरच्या पट्टीऐवजी गोरं दिसण्याची क्रीम समोर येते. रांजणवाडीला तर काहीच नाही. हे दुरुस्त करणं अवघड नाही. प्रत्येक उपविभागामागे बोलीतल्या शब्दांची यादी जोडायची असते: जुलाब, हगवण, ढाळ, खरूज, गजकर्ण, नायटा, तोंड येणं, डोळे येणं. मेडिकलच्या काउंटरवर वर्षानुवर्षं उभा असलेला माणूस असे शब्द एका बैठकीत शंभरभर सांगेल. भाषांतर करणाऱ्याकडून ते मिळणार नाहीत.

काही शब्दांच्या मागे वस्तूंची यादी असूच नये. ‘नागीण’ टाकल्यावर आता थंडावा देणारं लोशन पुढे येतं. नागिणीवरची विषाणूविरोधी गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर तिचा चांगला उपयोग होतो, आणि ती डॉक्टरच देतात. तिथे लोशनच्या आधी ‘आजच डॉक्टरांना दाखवा’ ही ओळ हवी. लोशन लावत तीन दिवस गेले तर ते मेनूचंच अपयश धरायला हवं.

बुरशीच्या मलमांत मात्र नव्या मेनूने एक फार चांगलं काम केलं आहे. पूर्वी साधं क्लोट्रिमाझोल आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमं एकाच यादीत होती, आणि ‘जास्त खपणारी’ या क्रमाने मिसळीची मलमं वर यायची. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत बसते, पण बुरशी आतून पसरत जाते आणि नायटा हट्टी होतो. २०१८ मध्ये अंगाला लावायची १४ स्टेरॉइड अनुसूची ‘एच’मध्ये आणली गेली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची. आता ही मलमं विभागाच्या यादीत दिसत नाहीत. चिठ्ठी चढवल्यावरच मिळतात.

चिठ्ठीच्या औषधांना असाच वेगळा दरवाजा सगळीकडे हवा. ‘अँटिबायोटिक’ नावाचा उघडून बघायचा विभाग जुन्या मेनूत होता, तो काढला. बरीच अँटिबायोटिक ज्यात येतात ती अनुसूची ‘एच-१’ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातल्या औषधांची विक्री दुकानदाराला डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. अशी औषधं साबण-शांपूसारखी चाळायला ठेवण्यात काही अर्थ नव्हता. रोजच्या गोळ्यांची जागा आता ‘माझी नेहमीची औषधं’ इथे आहे आणि ती मेनूत सगळ्यात वर आहे. फक्त नावं पूर्ण दिसत नाहीत. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ४० साधी, ‘एच’वाली आणि ‘एएम’वाली या तीन निरनिराळ्या गोळ्या आहेत. ‘एच’मध्ये लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, ‘एएम’मध्ये अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचं आणखी एक औषध. मधुमेहाची मेटफॉर्मिन साधी आणि ‘एसआर’, म्हणजे हळूहळू विरघळणारी, यांचंही तसंच. नाव शेवटी तोडलं की नेमका हाच फरक जातो. नाव दोन ओळींत जाऊ द्यावं, हवं तर फोटो लहान करावा.

जुलाबाच्या विभागात आणखी एक घोळ होता. ओआरएसची पाकिटं आणि फळांच्या चवीची गोड पेयं एकत्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं आणि ते एक लिटर पाण्यात घालायचं असतं; लहान पाकीट २०० मिलीसाठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केल्यावर अ‍ॅपने पेयं वेगळी काढली. पण पाकीट किती पाण्याचं, ते अजून यादीत दिसत नाही, वस्तू उघडावी लागते. लहान पाकीट लिटरभर पाण्यात पडलं तर ते पातळ होतं. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात पडलं तर क्षार जास्त होतात, आणि लहान मुलाला ते धोक्याचं आहे. ‘१ लिटरसाठी’, ‘२०० मिलीसाठी’ एवढे दोन शब्द नावाशेजारी हवेत.

पडद्यावरच्या मांडणीबद्दल. डाव्या बाजूला विभागांची अरुंद पट्टी आणि उजवीकडे चौकटी, ही रचना मराठीला मानवत नाही. शब्द लांब, पट्टी अरुंद, अक्षर बारीक. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवल्यामुळे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जायचे. ‘मूळव्याध’चा उकार दिसतच नव्हता. देवनागरीला ओळीची उंची अक्षराच्या निदान दीडपट लागते. नव्या मेनूत पट्टी गेली, पूर्ण रुंदीच्या ओळी आल्या आणि एका ओळीत एकच विभाग. बोट ठेवायची जागाही वाढली. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ही जागा किमान ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिमी सांगितली आहे. पावसात ओल्या बोटांनी पडदा चालवताना त्याचं महत्त्व कळतं. फोनमध्ये अक्षर मोठं केलं तरी आता ओळ वाढते, शब्द तुटत नाही.

‘मागे’चं बटण अजून त्रास देतं. यादीत खाली जाऊन वस्तू उघडली आणि मागे आलं की यादी पुन्हा पहिल्यापासून. प्रौढांच्या डायपरमध्ये याचा कंटाळा येतो, कारण तिथे माप कंबरेवर असतं, प्रत्येक कंपनीचं ‘एल’ वेगळं, आणि जुळणारं सापडेपर्यंत पाच-सहा वस्तू उघडाव्या लागतात. कंबरेचं माप आधी विचारलं तर हा प्रश्नच उरणार नाही.

रेंज नसताना मेनू कोरा पडायचा. विभागांची नावं म्हणजे काही केबीचा मजकूर. तो फोनमध्ये साठवून ठेवायला काहीच लागत नाही. जड असतात ती चित्रं. नव्या आवृत्तीत नावं लगेच येतात, चित्रं मागाहून. घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत एवढ्यानेही काम होतं.

मेनू बनवणाऱ्यांना एक तपासणी सुचवतो, खर्च शून्य. विभागांची नावं कागदावर ओळीने लिहा. साठीच्या पुढच्या पाच-सहा माणसांना एकेक काम सांगा: ४० च्या इन्सुलिनची सिरिंज, चिखल्यांचं मलम, या मशीनच्या पट्ट्या, लिटरभर पाण्याचं ओआरएस, ३६ इंच कंबरेचा डायपर. पहिलं बोट कुठे पडतं तेवढंच टिपा आणि मध्ये बोलू नका. दोघांची बोटं एकाच चुकीच्या नावावर पडली तर नाव बदलायचं. माणसांना समजावत बसायचं नाही.

शेवटचं, बाहेरगावाहून मागवणाऱ्यांसाठी. अ‍ॅप फोनच्या जागेवरून पिनकोड धरतं. मुंबईत बसून मालवणसाठी शोधलं तर मेनूत दिसणाऱ्या वस्तू मुंबईत मिळणाऱ्या असतात, आणि ४१६६०६ टाकल्यावर टोपलीतल्या निम्म्या ‘उपलब्ध नाही’ होतात. थंड ठेवायचं औषध, म्हणजे २ ते ८ अंशांतलं इन्सुलिन, सगळ्यात आधी गळतं. म्हणून मेनू उघडण्यापूर्वी वर डावीकडच्या पत्त्यावर टॅप करून गावचा पिनकोड घाला, आणि ‘माझी नेहमीची औषधं’ त्या पत्त्याखाली साठवा. पत्ता बदलला की ती यादीही बदलते, हे अ‍ॅप कुठेच सांगत नाही.