फॅटी लिव्हरसाठी पोटात फुगा की दुर्बिणीतून टाके?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ असं आलं की घरात आठवडाभर तळण बंद होतं, आणि मग हळूहळू सगळं मूळपदावर येतं. वजन नव्वदीपुढे, शुगर काठावर, चालणं तीनदा सुरू होऊन तीनदा सुटलेलं. अशात कुणीतरी सांगतं, “बलून टाकून घे, कापाकापी नाही.” मग दुसरंही नाव कानावर येतं, ईएसजी, म्हणजे दुर्बिणीतून टाके घालून जठर लहान करणं. मी आहारतज्ज्ञ आहे. दोन्हींतून गेलेल्यांचं पथ्यपाणी सांभाळणं हे माझं रोजचं काम. सुरुवातीलाच सांगते: हेतू यकृताचा असेल आणि दोन्ही पर्याय खुले असतील, तर माझं झुकतं माप टाक्यांना आहे.

कारण यकृताच्या हिशेबात आहे. वजन ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी घटू लागते. सूज ओसरायला ७ ते १० टक्के लागतात. चट्टे, म्हणजे फायब्रोसिस, मागे हटायला १० टक्के किंवा त्याहून जास्त. ९२ किलोच्या माणसाला हे साधारण नऊ किलो झाले. उतरलेलं वजन टिकायलाही हवं, कारण परत चढलं की चरबीही परत येते.

फुगा हे गणित पहिल्या सहा महिन्यांत बऱ्याचदा जमवतो. ऑर्बेरा हा जुना, माहितीतला प्रकार: रिकामा सिलिकॉनचा फुगा दुर्बिणीच्या मदतीने जठरात सोडतात, त्यात ४०० ते ७०० मिली सलाइन भरतात आणि सहा महिन्यांनी काढतात. अ‍ॅल्युरियनचा फुगा तर कॅप्सूलसारखा गिळायचा. दुर्बीण नाही, भूल नाही, साधारण चार महिन्यांनी तो आपोआप रिकामा होऊन शौचावाटे जातो. सलाइनमध्ये बऱ्याचदा निळा रंग मिसळलेला असतो. एखाद्या सकाळी लघवी हिरवट-निळी दिसली तर फुगा गळतोय असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ही गोष्ट मी प्रत्येकाकडून परत म्हणवून घेते.

पहिले तीन-चार दिवस मात्र कठीण जातात. जठर त्या फुग्याला बाहेर ढकलू पाहतं. मळमळ, उलट्या, पोटात पीळ. एका काकूंना दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोटही ठरत नव्हता. त्यांची सून घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी एक चमचा पाणी देत बसली होती. चौथ्या दिवशी पातळ ताक पोटात राहिलं, तेव्हा दोघींना हायसं वाटलं. काहींना सहनच होत नाही आणि फुगा लवकर काढावा लागतो.

यकृताचं काय होतं? अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात यकृताला सूज असलेल्या २१ जणांना फुगा बसवला. सहा महिन्यांनी २० जणांची पुन्हा बायोप्सी, म्हणजे यकृताचा तुकडा काढून तपासणी, झाली, त्यांतल्या १८ जणांचा आजाराचा स्कोअर सुधारला होता. चट्टे मात्र थोड्यांचेच कमी झाले. आकडा चांगला आहे, पण तो सहाव्या महिन्याचा आहे. माझी काळजी सातव्या महिन्यापासून सुरू होते. फुगा निघतो, भूक परत येते, आणि तोवर जेवणाची सवय बदललेली नसेल तर काही किलो वर्षभरात परततात.

ईएसजीत पूर्ण भूल द्यावी लागते. तोंडातून दुर्बीण जाते, तिच्या टोकाशी शिवायचं उपकरण असतं. डॉक्टर जठराच्या भिंतीला आतूनच आरपार टाके घालत ती चुणीसारखी ओढून घेतात. तास-दीड तासात पिशवीची अरुंद नळी होते. काहीही कापून काढत नाहीत, पोटावर व्रण नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या मेरिट चाचणीत २०९ जण होते. वर्षभरात ईएसजीवाल्यांचं वजन सरासरी १३.६ टक्के उतरलं, नुसत्या आहार-व्यायामावर असलेल्यांचं ०.८ टक्के. गंभीर गुंतागुंत साधारण २ टक्क्यांना झाली. दुसऱ्या एका गटाचा पाच वर्षं पाठपुरावा झाला, तिथेही सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास घट टिकून होती. माझं मत बनलं ते या टिकण्यामुळे. सुरुवातीचे काही आठवडे द्रव आणि मऊच खायचं: मुगाचं कढण, पेज, गाळलेलं वरण, दूध-प्रोटीन. घाईने भाकरी खाल्ली तर टाक्यांवर ताण येतो.

मग फुगा कुणाला? गुडघ्याच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी काही महिन्यांत वजन उतरवायचंय, किंवा ईएसजीची पूर्ण भूल धोक्याची आहे, अशांना. मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं), आधी झालेलं जठराचं ऑपरेशन, चालू अल्सर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर मात्र फुगा सहसा टाळतात.

दोन्हींआधी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करून घ्या. सोनोग्राफीच्या ग्रेडवरून चट्ट्यांचा अंदाज येत नाही. सिरॉसिस, म्हणजे यकृतभर चट्टे, होऊन अन्ननलिकेत किंवा जठरात शिरा फुगल्या असतील तर फुगा किंवा टाके, दोन्ही नकोत. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या पुढे असेल, सोबत मधुमेह असेल तर बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनलाही, म्हणजे लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करणाऱ्यांनाही, भेटा. २०२३ च्या इटलीतल्या ब्रेव्ज चाचणीत शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात ५६-५७ टक्के लोकांची यकृताची सूज पूर्ण गेली, आहार-व्यायाम आणि औषधांच्या गटात १६ टक्क्यांची. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनलाही ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत मध्यम ते जास्त चट्टे असलेल्या यकृतासाठी मान्यता मिळाली आहे. तेव्हा डॉक्टरांसमोर तोही पर्याय काढा.

पैशांचं आधीच पाहा. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च बीएमआय ४० च्या पुढे मिळू शकतो, किंवा ३५ च्या पुढे ठरावीक गंभीर आजार सोबत असतील तर. हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा आजार म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह त्या यादीत आहेत; फॅटी लिव्हर नाही. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, आणि हॉस्पिटलला विचारा की सांगितलेल्या रकमेत वर्षभराचा आहारसल्ला आणि सहा महिन्यांनंतरचा फायब्रोस्कॅन धरला आहे का.