२००० मिलिवॅटचा डबा आणि आत निघालेली लोखंडी पट्टी

परवा उदगीरहून मावसभावाने मोबाइलवर एक फोटो पाठवला. काळा डबा, समोर मोठं चकचकीत बटण, खाली ‘हेडफोन अँप्लिफायर, २००० मिलिवॅट, किंमत १,६९९’. खाली विचारलं होतं, “दादा, घेऊ का?” फोटो बघून पोटात गोळा आला. हाच डबा आठ महिन्यांपूर्वी मी लातुरात १,८९९ रुपयांना घेतला होता. पेजचं नाव तेवढं बदललंय. त्याला फोनवर सांगितलंच, पण असे अजून किती जण ऑर्डर करायच्या बेतात असतील, म्हणून सगळं लिहून काढतोय.

मी घरी बसून कीर्तनाच्या रेकॉर्डिंगचं एडिटिंग करतो. पुण्याच्या चुलतभावाकडून बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो हा हेडफोन जुना मिळाला, २५० ओहमवाला, म्हणजे आवाजाला जास्त व्होल्ट मागणारा. कॉम्प्युटरला लावला तर आवाज पुरेना. महाराज हळू आवाजात निरूपण करत असले की शब्द नीट लागत नव्हते. ज्याला त्याला विचारलं, सगळे म्हणाले अँप घे, म्हणजे हेडफोनचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर. चांगल्या अँपच्या किमती माझ्या आवाक्याबाहेरच्या. तेवढ्यात ही जाहिरात समोर आली. ३०० रुपये आधी यूपीआयने, उरलेले पार्सल आल्यावर. जाहिरातीखाली कमेंटा बंद होत्या, तिथेच मी थांबायला हवं होतं.

पार्सल आलं. कुरिअरवाला म्हणाला, पैसे दिल्याशिवाय उघडता येणार नाही. पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच होतं. डबा हाताला चांगला जड लागला, म्हणून मला बरंही वाटलं. यूएसबीची वायर कॉम्प्युटरला जोडली, आवाजाची वायर हिरव्या जॅकमध्ये घातली. बटण पूर्ण फिरवलं तरी आवाज आधीपेक्षा कमीच. वर माउस हलवला की कानात किर्रर्र व्हायचं. करंट आणि आवाज दोन्ही एकाच कॉम्प्युटरमधून घेतले की असा ग्राउंड लूप, म्हणजे दोन वायरींच्या ग्राउंडमधून शिरणारी खरखर, होऊ शकतो, हे मला नंतर कळलं.

गंजगोलाईजवळ एक मामा आहेत, लाउडस्पीकरची मशिनं दुरुस्त करतात. त्यांच्याकडे डबा घेऊन गेलो. चार स्क्रू काढले. आत काडेपेटीएवढी एक प्लेट, आणि तळाला गरम गोंदाने चिकटवलेली बोटभर रुंद लोखंडी पट्टी. मामांनी ती नखाने उचकटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “सगळं वजन ह्याचंच आहे बघ. आन ही चिप, आयसी ४५५८, कोणत्याबी टोन-बोर्डात असती. हिला आठ व्होल्ट तरी लागतेत, हितं पाचच मिळायलेत.”

मग मामांनी मीटर काढला. मी लॅपटॉपवर ५० हर्ट्झचा टोन लावला, हेडफोन जोडलेलाच ठेवला आणि मीटर एसी व्होल्टवर. डब्यातून ०.७ व्होल्ट निघाले, त्यापुढे टोन फाटायला लागला. घरी येऊन कॉम्प्युटरच्या मागच्या जॅकवर तेच केलं, तर १.१ व्होल्ट. म्हणजे पैसे मोजून मी आवाज कमी करून घेतला होता.

त्या रात्री कागदावर हिशेब मांडला, तो इथे देतो. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे अडीच वॅट. प्रत्येक कानाला २००० मिलिवॅट धरले तर दोन्ही मिळून चार वॅट झाले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय २५० ओहमला २ वॅट द्यायचे तर साधारण २२ व्होल्ट लागतात. व्होल्टेज वाढवणारी वेगळी सर्किट नसेल, तर ५ व्होल्टवर साध्या हेडफोनच्या जॅकमधून जास्तीत जास्त पावणेदोन व्होल्ट निघतात. आणि मुळात एवढ्या ताकदीची गरजच नव्हती. या हेडफोनला १ मिलिवॅटला ९६ डेसिबल मिळतात. १ व्होल्ट म्हणजे ४ मिलिवॅट, म्हणजे १०२ डेसिबल, कानाला भरपूर मोठा आवाज. व्होल्ट दुप्पट केले की आणखी ६ डेसिबल. माझी अडचण रेकॉर्डिंगची होती. मृदंगाची थाप वरपर्यंत जाते आणि बोलणं खाली राहतं.

पेजवाल्यांकडे पैसे परत मागितले तेव्हा खरी लबाडी कळली. आधी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. मग परत न्यायचे म्हणून २५० रुपये मागितले, ते मी दिले नाहीत. दोन दिवसांनी फोन आला, आवाज एकदम गोड. “सर, रिफंड पास झाला, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा.” मी स्कॅन केला. मोबाइलने पिन मागितला. बायको शेजारी भाजी निवडत होती, ती म्हणाली, “अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?” माझं बोट पहिल्या आकड्यावर होतं. स्क्रीनवर नीट बघितलं तर ४,९९९ रुपये जाणार होते. ती नसती तर ते गेलेच असते. पैसे येताना पिन कधीच टाकावा लागत नाही. हे मला माहीत होतं, पण रिफंडच्या आशेने त्या क्षणी सुचलं नाही.

लगेच १९३० वर फोन करून यूपीआयची तक्रार नोंदवली, वस्तूची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. स्क्रीनशॉट, पार्सलवरचं लेबल आणि पैसे गेल्याचा नंबर मी जपून ठेवला होता, तो दोन्हीकडे विचारला. पैसे अजून आलेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही, तेव्हा तिथेही जाणार आहे. पण पाठवणाऱ्याचा लेबलवरचा पत्ता अर्धवट आहे, त्याचीच काळजी वाटते.

आता बोलण्याच्या ट्रॅकला कॉम्प्रेसर, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर कमी करणारी एडिटिंगमधली सोय, लावून ऐकतो. आणि दुकानातून पक्क्या बिलावर एक छोटा यूएसबी डॅक, म्हणजे कॉम्प्युटरचा डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारा जोड, आणला, त्याच्या कागदावर किती ओहमला किती व्होल्ट ते लिहिलेलं होतं, २ व्होल्ट. घरी मीटर लावला तर १.९ भरले. मावसभावालाही तेवढंच विचारायला सांगितलं. त्याने त्या पेजवाल्याला मेसेज केला, “२५० ओहमला किती व्होल्ट?” दहा मिनिटांत त्यांनी त्याला ब्लॉक केलं.